विलास, तुझे पॅड डिकीत ठेवलेत

विलास, परवा पहाटे आम्ही निघतोय. तुझी लाल गाडी, तुझी गौरी आणि मी. तमिळनाडूतल्या त्या रेसच्या ट्रॅकवर आपलं नाव लागलंय. म्हणजे गौरीचं लागलंय, आणि तिच्याखाली माझं, 'सोबतची व्यक्ती' म्हणून. तुला जाऊन महिनाही झाला नाही आणि मी असा उत्साहात लिहितोय, हे चार माणसांना बरं दिसणार नाही. पण हे सांगायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही. घरात तुझी ताई ऐकते, पण 'ब्रेक पॅड' हा शब्द आला की तिला गॅसवर ठेवलेलं काहीतरी आठवतं.

आधी एक सांगून टाकतो. तू गेलास तेव्हापासून जो भेटेल त्याचा पहिला प्रश्न एकच, "गाडीत होते का?" तू अंबडच्या तुझ्या बियाण्यांच्या दुकानात, खुर्चीवर, बसल्या जागी गेलास. गाडी बाहेर लिंबाच्या सावलीत उभी होती, हँडब्रेक ओढलेला, काचा वर. मी प्रत्येकाला हेच सांगितलं, गाडी उभी होती. तरी तेराव्याच्या पंगतीत घनसावंगीचे एक पाहुणे मान हलवून म्हणाले, "शेवटी वेगानंच घात केला." मला राहवलं नाही. मी म्हणालो, "खुर्चीला वेग नसतो, पाहुणे." तुझ्या ताईनं मला कोपर मारलं. तू असतास तर हातातला घास ठेवून हसला असतास.

त्या गाडीवरून तुझ्याशी सगळ्यात जास्त मीच भांडलो, म्हणूनच असेल, तिच्यावर कुणी खोटा आळ घेतला की मला सोसत नाही. आणि खरं सांगायचं तर माझं भांडण गाडीशी नव्हतंच. पुण्याहून तू ती जुनी, दोन सीटची, जमिनीला पोट टेकवून चालणारी गाडी आणलीस तेव्हा घरात सगळे हसले. तुझी ताई म्हणाली, "बरं झालं, बायकोला माहेरी सोडायची सोय झाली. पोरगी येईल मागून एस्टीनं." मी मात्र गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणालो होतो, चांगली आहे. माझं भांडण होतं ते तिच्या पुढच्या चाकांत तू बसवलेल्या रेसच्या चार ब्रेक पॅडशी.

साधे पॅड थंड असतानाही धरतात. सकाळी घरातून निघालो, नाक्यावर म्हैस आडवी आली, पाय दाबला, गाडी थांबली. त्यासाठीच ते केलेले असतात. रेसचे पॅड वेगळ्या मिश्रणाचे. ते आगीत राहायला केलेले. चाकातली लोखंडी तबकडी, म्हणजे डिस्क, चांगली तापली की ते तिला असे धरतात की साध्या पॅडनं हात जोडावेत. पण थंड असताना फळीवर फळी घासावी तसे नुसते सरकतात, ओरडतात आणि डिस्क खातात. हे मी तुला तुझ्या गोदामात, हातात चाक खोलायची टॉमी धरून, पुन्हा पुन्हा सांगितलं. तू चाकाजवळ उकिडवा बसून पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट आवळत होतास.

"विलास, जालना-अंबड रस्त्यावर हे पॅड कधी तापणारच नाहीत."

"दाजी, मे महिना चालू आहे. जालन्यात पॅड घरूनच तापून निघून राह्यले."

मी माणूस मोजमापाचा. सळयांच्या मिलमध्ये माझं सगळं आयुष्य जाडी, लांबी आणि तापमान बघण्यात गेलं. पहिल्यांदा मी घरातली कपाळाला लावायची ताप मोजायची बंदूक आणली, तर ती नुसतीच लाल होऊन ओरडली. तू म्हणालास, "गाडीला ताप आहे दाजी, दोन दिवस आराम सांगा." मग मी मिलमधून बेअरिंगचं तापमान बघायची बंदूक आणली. उन्हात उभ्या गाडीची डिस्क पंचावन्न अंश निघाली.

"आणि लागतं किती?" तू विचारलंस.

"दोनशेच्या वर."

"मंग दीडशेचीच तर कमी आहे. तेवढी माझ्याकडून घ्या."

तुझ्याशी वाद घालण्यात हीच अडचण होती. आकडा माझा असायचा आणि हशा तुझा.

तुला जिनिंगचं अंगण आठवत असेलच. कापसाचा हंगाम संपलेला, लांबच लांब मोकळं सिमेंट, एका टोकाला रिकाम्या बारदानाची थप्पी. मी फक्कीची रेघ मारली. तू लांबून येणार, रेघेवर चाक आलं की ब्रेक दाबणार आणि गाडी थांबेपर्यंतचं अंतर मी टेपनं मोजणार. पहिल्या खेपेला, थंड पॅडवर, तू थांबेचनास. मी टेप घेऊन ज्या जागी उभा होतो ती जागा मला सोडावी लागली. गाडी बारदानात नाक घालून उभी राहिली. तू काच खाली करून म्हणालास, "ही मोजू नका. ही सरावाची."

मग तू अंगणात धाव-थांब, धाव-थांब सुरू केलंस. जळक्या वासानं राखणदार उठून आला. बंदुकीनं डिस्क अडीचशेच्या वर दाखवली. तू शेजारचं दार उघडून म्हणालास, "बाहेरून काय मोजता, बसा आत."

त्या थांबण्याविषयी मी तुला एवढंच म्हणालो होतो, "ठीक आहे." आज नीट सांगतो. चष्मा नाकावरून उडून पुढच्या काचेला लागला, बंदूक पायाशी पडली, पट्टा छातीत रुतला, आणि सगळं जग एका जागी येऊन उभं राहिलं. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, धावण्याची मजा मला लहानपणापासून माहीत होती, पण थांबण्यात एवढी मजा असते हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मला तुला म्हणायचं होतं, पुन्हा एकदा. पण तू ब्रेकवर पाय तसाच गच्च दाबून माझ्याकडे बघत हसत होतास, आणि मी चष्मा शोधत होतो. राहून गेलं.

तिथून आमचं जालन्यातलं घर जवळच. गाडी तुझ्या अंबडच्या घरी आली होती, पण ताईच्या दारात अजून नव्हती. तिला मी फोन केला होता, येतोय म्हणून. ती फाटकात ताट घेऊन उभी. नवी सून असो की नवी गाडी, आपल्याकडे दारात आली की भाकरतुकडा ओवाळायचा आणि पायांवर पाणी घालायचं. गाडीचे पाय म्हणजे चाकं. तिनं कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि तांब्या उचलला. आपण दोघं पट्टे सोडत होतो. फोडणी द्यावी तसा चर्र आवाज झाला आणि चाकातून वाफेचा लोट निघाला.

"ताई, थांब," तू ओरडलास. तोवर ती दुसऱ्या चाकाकडे पोचली होती.

तिनं तेही चाक भिजवलं, वाफेतून मागं सरली आणि म्हणाली, "तुझ्यासारखीच तापट आहे. बरं केलं पाणी घातलं."

त्यानंतर काही दिवसांनी ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. तिथून आपला दुसरा वाद सुरू झाला, तो तू जाईपर्यंत चालला. तुझं म्हणणं, तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं, डिस्क वाकडी झाली. माझं म्हणणं, तू हसत हसत गरम डिस्कवर पाय दाबून बसलास, पॅडचं मिश्रण त्या एका जागी चिकटलं, आता दर फेऱ्याला तो उंचवटा पॅडला लागतो. पण यात एक गंमत होती. हा वाद तू फक्त गाडीत घालायचास. घरी ताईसमोर विषय निघाला की तू लगेच म्हणायचास, "दाजीचं बराबर आहे. पॅडच बेकार." तिच्या पाण्याचा शब्द तू तिच्यासमोर एकदाही काढला नाहीस.

आणि पॅडही काढले नाहीस. मी विचारलं होतं, "ट्रॅकला जाशील तेव्हा बसव. रस्त्यावर कामून?" मी मुद्दाम तुझ्याच बोलीत विचारलं, म्हणजे तरी खरं उत्तर मिळेल. मिळालं.

"दाजी, डब्यात ठेवले ना, की ते डब्यातच राहत्यात. पेरणी येते, मंग कपाशीचं बियाणं, मंग गहू-हरभरा, मंग दिवाळी. दुकानदाराला कधी सुट्टी आहे का? चाकात असले की रोज सकाळी ओरडून सांगत्यात, जायचंय, जायचंय."

ओरडायचे ते खरंच. अंबडच्या तुझ्या गल्लीत लोक त्या आवाजावरून ओळखायचे की विलासराव दुकानाला निघाले. तू पहिल्या दोन गल्ल्या डाव्या पायानं ब्रेक हलका दाबून ठेवूनच चालवायचास, पॅड तापावेत म्हणून. आमच्याकडे येताना कोपऱ्यावर वळलास की ती लांब किंकाळी यायची आणि तुझी ताई पिठाचे हात धुऊन चहा टाकायची. तू फाटकात येईपर्यंत आधण आलेलं असायचं. मी म्हणायचो, ही काय पद्धत झाली. ती म्हणायची, "फोन करतो का तो कधी? ब्रेकच करतो."

आता पुढचं ऐक, कारण हे तुला माहीत नाही.

तेराव्याच्या संध्याकाळी गौरी माझ्याजवळ येऊन बसली. डोळे सुजलेले, पण आवाज घट्ट. म्हणाली, "मामा, पप्पांना जायचं होतं तिथं मी गाडी घेऊन जाणार. तुम्ही येता का?" तुझ्या ताईच्या हातातली कपबशी खाली ठेवून व्हायच्या आत मी हो म्हणून बसलो होतो. तुझ्या मीनानं लेकीला एकच अट घातली, दाजी सोबत असतील तरच. त्यामुळे घरात माझा भाव एकदम वाढला.

मग मी म्हणालो, जाताना साधे पॅड बसवू. आणि पोरीच्या तोंडून तू बोललास. "पप्पांनी बसवलेल्या पॅडला हात लावायचा न्हाई." मी तिला थंड-गरम सगळं समजावलं. डाव्या पायाची तुझी युक्तीही सांगितली. ती म्हणाली, "मंग झालं की. मी पण तसंच करीन." मला दिसत होतं की तिला पॅड नकोच होते. तू शेवटचा हात लावलेली वस्तू हलायला नको होती. पण रस्ता लांबचा, टोलनाके, घाट, अनोळखी गावं. तुझी एकुलती एक लेक सुकाणूवर. तुझ्याशी वाद घालताना माझा आकडा चुकला असता तर फार तर बारदान फाटलं असतं. इथं मला हरून चालणार नव्हतं.

ठरलं असं, की आधी राजूरला गणपतीच्या पायाशी गाडी नेऊन आणायची. सकाळची वेळ, ती चालवणार, मी शेजारी. जालन्यातून निघताना तिनं डावा पाय दाबून पॅड बरोबर तापवले, हुबेहूब तुझ्यासारखे. पण पुढं रस्ता मोकळा. ब्रेकला पाय लावायचं काम पडलं नाही आणि वाऱ्यानं डिस्क पुन्हा गार झाल्या. हे तिच्या ध्यानात राहिलं नाही. देवळाच्या रस्त्याला वळलो. वेग सायकलचा, तेवढी अट मी घातलेली. एक बाई पूजेचं ताट घेऊन मधेच आडवी आली. गौरीनं पाय दाबला. तो आवाज आला, तुझा आवाज, आणि गाडी मात्र चालतच राहिली. ती बाई आवाजानंच दचकून मागं सरली. आम्ही नारळवालीच्या ताडपत्रीत पुढचा बंपर घालून थांबलो. वरच्या रांगेतला एक नारळ घरंगळत बॉनेटवर आला.

नारळवाली उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "बाई, नारळ हातानं फोडत्यात."

गौरी हसली. मग तिनं दोन्ही हात सुकाणूवरून काढून मांडीवर ठेवले. ती ताटवाली बाई खिडकीशी येऊन तिलाच विचारत होती, "लागलं का गं लेकी?" जो आकडा मला सांगायचा होता तो तिनं स्वतः बघितला होता. पूजा झाली, चाकांखाली लिंबू झालं, आणि परत निघताना तिनं किल्ली माझ्या हातात दिली. फाटा गेल्यावर म्हणाली, "पॅड बदलू, मामा. पण टाकायचे न्हाईत."

टाकतो कशाला? मी तिला तुझ्या बोलण्यातलं सगळं सांगितलं, डब्यात ठेवले की डब्यातच राहतात ते. ती म्हणाली, "मंग डिकीत ठेवू. ट्रॅकवर गेल्यावर मीच बसवते. परत निघताना काढायचे." विलास, आपल्या दोघांना दोन वर्षं सुचलं नाही ते. रस्त्याला रस्त्याचे, ट्रॅकला ट्रॅकचे. सुचलं नाही म्हणण्यापेक्षा, सुचलं असतं तर वाद संपला असता, आणि तो दोघांनाही नको होता.

पॅड काढले तेव्हा मी डिस्क मिलमध्ये घेऊन गेलो. फिरवून वाकडेपणा मोजायचा डायलचा काटा लावला. श्वास धरून बघत होतो. काटा हललाच नाही म्हटलं तरी चालेल. डिस्क सरळ, विलास. पाण्यानं काही वाकलं नव्हतं. मी बरोबर होतो. दोन वर्षांचा वाद मी जिंकलो आणि खिशातून फोन काढला, तुला लावायला. मग तो तसाच परत ठेवला.

पण थांब, तुझीही बाजू आहे. ती थरथर शेवटच्या महिन्यांत कमी होत गेली होती, आठवतं? मी म्हणायचो तुला भास होतोय. डिस्कवर तो उंचवटाही आता नव्हता. थंड रेसचे पॅड कानशीसारखे घासतात, आणि तू हट्टानं रोज थंड चालवून चालवून, चिकटलेलं मिश्रण तुझ्याच पॅडनं घासून काढलंस. डिस्कही खाल्लीस, ते मी म्हणालो होतो तसंच. जाडी तिच्यावर कोरलेल्या मर्यादेच्या इतकी जवळ आली होती की मी नव्या बसवल्या. त्या बाबतीत माझ्याशी घासाघीस नको.

घरी येऊन मी तुझ्या ताईला सगळं सांगितलं. इतके दिवस तिच्यापासून लपवलेलं पाण्याचंही, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला माहीत होतं तो मनातून मलाच दोष देतो ते. खोटं बोलला की कान खाजवायचा. 'दाजीचं बराबर आहे' म्हणताना दर वेळी खाजवायचा." मग बराच वेळ ती एकच देठ मोडत बसली.

काल आम्ही साध्या पॅडवर गाडी रुळवायला नेली. काय सांगू तुला, नव्या डिस्क, नवे पॅड, पाय ठेवला की गाडी शहाण्या मुलासारखी उभी राहते. गौरीनं मला चालवायला दिली. मी एकटा, पहिल्यांदा, अंबड रस्त्यावर, तुझ्या जागेवर बसून. सीट पुढं घ्यायची विसरलो होतो, पाय जेमतेम पोचत होते. कोपऱ्यावरून वळून घरी आलो, फाटकात उभा राहिलो. तुझी ताई बाहेर आलीच नाही. मी हॉर्न दिला तेव्हा आली, आणि माझ्याकडे नाही, चाकांकडे बघत म्हणाली, "आवाज न्हाई आला. मंग मी चहा कसा टाकू?"

पूर्ण जालना जिल्ह्यात तुझ्या ब्रेकच्या आवाजाला सगळ्यात जास्त नावं मी ठेवली. त्या घडीला तो आवाज नाही म्हणून फाटकात मी किल्ली हातात घेऊन नुसता उभा राहिलो.

मग तिनं दुसरं विचारलं. "परत याल तेव्हा चाकांवर पाणी घालू का नको? आधीच सांगा. मागच्यासारखं नको."

मी रात्रभर विचार केला, आणि सकाळी गौरीला सांगितलं. तिनं टाळी दिली. ऐक. ट्रॅकवर तुझे पॅड बसतील, गौरी चालवील, मी शेजारी बसेन, चष्म्याला दोरी लावून. निघताना साधे पॅड बसवून परत येऊ. अंबडला, तुझ्या गोदामात, गाडी उभी करू. चहा पिऊ, मीनाला सगळं सांगू. तोवर डिस्क गार होतील. मी बंदूक लावून बघेन, हात टेकवता येईल इतक्या गार. मग तुझे पॅड पुन्हा चाकांत घालू. डावा पाय दाबायचा नाही, तापवायचे नाहीत. गाडी मी चालवीन, बैलगाडीच्या वेगानं, जालन्यापर्यंत अर्धा दिवस लागला तरी चालेल, गौरी पुढं स्कूटरवर रस्ता मोकळा करत. मागून कुणी हॉर्न वाजवला तर वाजवू दे.

कोपऱ्यावर वळताना मी ब्रेक दाबेन. थंड पॅड ओरडतील. ताई पिठाचे हात धुईल, चहा टाकेल, आणि तांब्या घेऊन फाटकात येईल. डिस्क गार असतील. तिला पाहिजे तेवढं पाणी घालू दे.